आधी आपला अंधार

तिने भिंतीतला प्लग ओढला आणि फ्रिज थांबला. उठताना आणि थांबताना अंगातून एक हिसका द्यायची त्याची जुनी खोड होती. तो त्याने दिला, आतल्या बाटल्या एकमेकींवर आपटल्या, वर ठेवलेली काचेची बरणी किणकिणली, आणि मग स्वयंपाकघरात जे उरलं ते तिने या घरात कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं, कारण म्हातारपणी तो आपणहून थांबेनासाच झाला होता. तिला तर फक्त प्लग आणि भिंत यांच्यामध्ये आपलं छोटं मीटर खोचायचं होतं, हा म्हातारा दिवसाकाठी किती वीज पितो ते एकदाचं बघायचं होतं. मीटर हातातच राहिलं. आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, "कोण गेलं गं?"

"कोणी नाही. फ्रिज बंद केलाय."

"अगं, मला वाटलं कोणी उठून गेलं." आई दारात येऊन उभी राहिली. दुपारची झोप अर्धवट मोडल्याने तिच्या एका गालावर उशीची घडी उमटली होती. तिने फ्रिजकडे पाहिलं, लेकीच्या हातातल्या मीटरकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला. "लाव तो आधी."

"लगेच नाही लावता येत आई. थोडा वेळ जाऊ दे, नाहीतर कॉम्प्रेसर जळेल."

हे ती नोकरीत शिकली नव्हती. हे बाबांचं होतं. बसलेल्याला लगेच उठवायचं नाही, आधी दम खाऊ द्यायचा, असं ते फ्रिजच्या पाठीवर थाप मारून सांगायचे, जणू तो शेजारचा कोणी जाडा गृहस्थ होता आणि जिना चढून आला होता. आईलाही ते ठाऊक होतं. तिने खुर्ची ओढली आणि फ्रिजसमोर बसली, दवाखान्यात उशाशी बसतात तशी. लेक ओट्याला टेकून उभी राहिली. दोघींना वाट बघण्यावाचून काही काम नव्हतं, आणि काम नसलं की या घरात माणूस मागे जातो. समोरच्या पांढऱ्या दाराचा रंग आता पिवळट झाला होता, हँडलखालचा पत्रा हात लागून लागून चकचकीत झाला होता, आणि तिच्या कमरेच्या उंचीवर एक ओरखडा होता, जो तिने शाळेत असताना कंपासच्या टोकाने काढला होता आणि ज्याबद्दल तिला धपाटा बसला होता.

वीजबचत खात्याच्या ऑफिसात तिला मीटरबाई म्हणत. तोंडावर मॅडम, पाठ वळली की मीटरबाई, आणि ते तिला माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. कोणाकडे जेवायला गेली तरी तिची नजर आधी भिंतीतल्या प्लगांवर जायची. कुठला टीव्ही बंद असूनही लाल डोळा उघडा ठेवून वीज खातोय, कुठला गीझर उगाच तापतोय, हे सांगितल्याशिवाय तिला घास जात नसे. सरकारने जुन्या इमारतींसाठी योजना काढली, तेव्हा ती तिच्या गळ्यात पडणार हे उघडच होतं. आणि योजना बरी होती. सरकारी योजनांची टिंगल करण्यात हयात घालवलेल्या माणसांनाही कबूल करावं लागेल इतकी बरी होती. जुना फ्रिज, जुने पंखे, जुने बल्ब जमा करा, कमी वीज खाणारे नवे घ्या, खर्चाचा मोठा वाटा सरकार उचलेल. सगळी इमारत अशी पोटाला चिमटा काढून वीज वापरायला लागली, की तिच्या तळघरात एक मोठी बॅटरी बसवून मिळेल. वादळात तारा तुटोत, कुठलं केंद्र बसो, जिन्यातले दिवे, लिफ्ट, आजाऱ्यांची यंत्रं चालू राहतील. अट एकच, सगळी घरं आली पाहिजेत. एक जरी मागे राहिलं तरी इमारत बाद, कारण बॅटरी मोजूनमापून दिलेली, आणि एखादा जुना खादाड तिच्यावर सोडला तर तो चारचौघांचा घास एकटाच खाणार. ही अट मीटरबाईनेच भांडून घालायला लावली होती. आधीच्या वर्षी ती नव्हती, तेव्हा लोकांनी नवा फ्रिज स्वयंपाकघरात ठेवला आणि जुना बाल्कनीत चालू ठेवला. नवी सून आली म्हणून सासूला काय कोणी घराबाहेर काढतं! बचत राहिली बाजूला, बिलं फुगली. मग बैठकीत ती हात आपटून म्हणाली की सगळे, नाहीतर कोणीच नाही, आणि जुन्या फ्रिजचा गॅस काढून घेऊन मालकाच्या डोळ्यांदेखत त्याच्या कॉम्प्रेसरला भोक पाडायचं, म्हणजे तो पुन्हा कुठेच उठणार नाही. साहेबांनी मान डोलावली. त्या वेळी तिच्या डोळ्यांपुढे कुठलाही फ्रिज नव्हता, नुसते आकडे होते.

आता आईच्या इमारतीतली सगळी घरं तयार होती, तळघर झाडून ठेवलं होतं, मुदत आठवड्यावर आली होती आणि तळमजल्यावरचं एकच घर, आईचं, अडून बसलं होतं. नियमाप्रमाणे आईचं घर तिने तपासायचं नव्हतं, त्यासाठी उद्या ऑफिसातला दुसरा तपासनीस येणार होता. ती आज लेक म्हणून आली होती. मीटर पर्समध्ये आपसूक आलं होतं.

"तुझ्या त्या माणसाला सांग ना," आई फ्रिजवरची नजर न काढता म्हणाली, "कपाट आहे म्हणून लिही म्हणावं. पांढरं कपाट. मी त्यात घड्या करून कपडे ठेवते हवं तर."

ती हसली. आई हसली नाही.

आईला तो का हवा आहे हे आईने कधी सांगितलं नव्हतं. चालतोय ना, मग कशाला काढायचा, एवढंच. पण लेकीला सांगायला कशाला हवं? त्या फ्रिजच्या आवाजात ती वाढली होती. बाबा वीजपुरवठ्याच्या कंट्रोल रूममध्ये होते. त्या काळी वीज पुरत नसे. संध्याकाळ झाली की शहराच्या कुठल्या ना कुठल्या भागाला अंधारात बसायची पाळी यायची, आणि अचानक तूट पडली तर आधी कोणाचे दिवे घालवायचे हे त्या वेळी ड्यूटीवर असेल त्याच्या हातात असायचं. इतर लोक आपली गल्ली, साहेबांची गल्ली, सासुरवाडीची गल्ली सांभाळून बटण दाबत. बाबांनी एक नियम केला होता, कोणी न सांगता. त्यांच्या पाळीत दिवे घालवायची वेळ आली की पहिली आपली गल्ली. ज्याच्या हातात बटण, अंधार आधी त्याच्या घरी, असं ते म्हणायचे, आणि म्हणताना त्यांना त्यात काही थोर आहे असं वाटत नसे, चप्पल दाराबाहेर काढावी इतकं ते त्यांना साधं वाटे. इमारतीत त्यांना घरका भेदी म्हणत. ऐन मॅचच्या वेळी टीव्ही विझला की वरच्या मजल्यांवरून आरडाओरडा व्हायचा, "घालवलान् बघा!" आणि जिन्यात जमलेली पोरं तिच्याकडे बघून दात काढायची. तिला राग यायचा, आणि रागाच्या आत कुठेतरी एक अभिमानही असायचा, की या सबंध अंधाराचा मालक माझा बाबा आहे.

आणि आई? आई अंधारात मेणबत्ती शोधता शोधता म्हणायची, "आठवण आली वाटतं ह्यांना आपली." कंट्रोल रूममधून घरी फोन करायची सोय नव्हती, घरी फोनही नव्हता. लांबच्या त्या इमारतीत, घड्याळांनी आणि दिव्यांनी भरलेल्या भिंतीसमोर बसलेल्या माणसाने इथे पोचवायची एकच गोष्ट होती, ती म्हणजे काळोख. तो यायचा आणि घर गोळा व्हायचं. आई हातातलं काम टाकून बसायची, जे एरवी ती कधी करत नसे. खिडकीतून समोरच्या इमारतींच्या काळ्या कडा दिसायच्या, कुणाचं तरी मूल रडायचं, कोणीतरी शिट्टी वाजवायचं, आणि आईच्या मांडीला घामाचा आणि साबणाचा वास यायचा. मग केव्हातरी, दिवे लागण्याच्या आधी, स्वयंपाकघरात हिसका बसायचा. ट्यूबलाइट डोळे मिचकावत, आळस देत उठायची, तिच्या आधी फ्रिज उठायचा. बाटल्या किणकिणायच्या. "सोडले," आई म्हणायची आणि पदर झटकून उभी राहायची. फ्रिज बाबांनी मुद्दाम हाच घेतला होता, जाड भिंतींचा, दोन माणसांना न हलणारा. आपणच वीज घालवायची आणि घरचं दूध नासवायचं हे बरं नाही, असं त्यांनी दुकानदाराला सांगितलं होतं म्हणे. दुकानदाराला ते कळलं नसावं.

पुढे वीज पुरायला लागली. केंद्रं वाढली, तारा जमिनीखाली गेल्या, कंट्रोल रूममध्ये बटणांच्या जागी पडदे आले, आणि बाबा निवृत्त झाले. दिवे जायचे ते आता वर्षाकाठी कधी, वादळ झालं तर. बाबा बाहेरच्या खोलीत पलंगावर पडून राहायचे आणि फ्रिज सुरू झाला, बंद झाला, ते ऐकायचे. एकदा म्हणाले होते, "ठिणगे, आता बटणावर कोणाचं बोटच नसतं. आपोआप होतं सगळं. मग कोणाला शिव्या द्यायच्या लोकांनी?" ठिणगी हे त्यांनी ठेवलेलं नाव, आता ते फक्त आईच्या तोंडात उरलं होतं. बाबा गेले त्या दुपारीही तो चालू होता. माणसं आली, गेली, कोणीतरी पाण्यासाठी त्याचं दार उघडलं, दिवा लागला, आत अर्धं लिंबू होतं. त्यानंतर आईने तो हळूहळू रिकामा केला. आता त्यात दुधाचं एक पातेलं आणि पाण्याच्या बाटल्या, त्याही बहुतेक किणकिणण्यापुरत्याच. एकट्या बाईला एवढं धूड कशाला, असं सगळे म्हणत. तीही म्हणे. पण तिच्या स्वतःच्या घरातला फ्रिज सुरू आहे की बंद हे त्याच्या दाराला कान लावूनही कळत नसे, सगळी उपकरणं पहिल्या दर्जाची, शिस्तीची, मुकी, आणि तिला तिथे झोप लागत नसे. आईकडे आली की बसल्या बसल्या डोळा लागायचा. बाकी जगाची वीज ती वाचवत होती, आणि हा एक भोकाड पसरणारा खादाड जगात कुठेतरी चालू आहे म्हणून तिला बरं वाटत होतं. तिला हा फ्रिज हवा होता. आईपेक्षाही कदाचित जास्त हवा होता, फक्त हट्ट आईच्या नावावर होता.

"झाला नाही का वेळ अजून?" आई म्हणाली.

"होईल. जरा थांब."

परीक्षेच्या वेळी आई असंच म्हणाली होती, थांबा म्हणून. ती शेवटची शालेय परीक्षा, गणिताचा पेपर दुसऱ्या दिवशी, आणि बाबांची संध्याकाळची पाळी. आईने डबा हातात देताना दार अडवलं होतं. अहो, आज एक दिवस. दुसरी कुठलीतरी गल्ली घ्या आधी. कोणाला कळणार आहे? बाबा डबा घेऊन गेले आणि अंधार पडता पडता दिवे गेले. तिने वही भिंतीवर भिरकावली. आई रडली. तेव्हा वरचे मास्तर कंदील घेऊन जिन्यातून खाली आले, तो पायरीवर ठेवून तिथेच मांडी ठोकून बसले आणि पुस्तकाशिवाय तिच्याकडून प्रमेयं म्हणवून घेतली, कारण त्यांना सगळी तोंडपाठ होती आणि त्यांच्या मते अंधारात आकृती जास्त स्वच्छ दिसते. इमारतीत बाबांची बाजू घेणारे ते एकटेच. बाबा घरी आले तेव्हा ती जागीच होती. त्यांच्याशी बोलायचं नाही असं ठरवलेलं असूनही तिने विचारलं, का? ते तिच्या पायाशी बसले. त्यांच्या शर्टाला त्या खोलीचा, तापलेल्या तारांचा वास होता. म्हणाले, "तुझ्या परीक्षेसाठी मी दुसऱ्या कोणाच्या तरी परीक्षेचा दिवा घालवू का?" तिला तेव्हा ते पटलं नव्हतं. आई तर कित्येक दिवस त्यांच्याशी बोलली नाही, मीठ हवं तरी लेकीमार्फत मागायची. आणि आज तीच आई फ्रिजसमोर बसून म्हणत होती की कपाट लिही, आणि तीच मुलगी, जिने बैठकीत टेबल दणाणून सोडलं होतं, मनातल्या मनात वाक्य जुळवत होती. त्या तपासनिसाला काय, एक शब्द टाकला की झालं. मॅडमच्या आईचं घर. बंद पडलाय, काढायला माणूस येणार आहे, असं म्हणायचं. एवढं मोठं धूड बॅटरीवर आलं तर काय होईल ते तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? पण वीज जाते कितीदा? वर्षातून एकदा, दोनदा. एवढ्यासाठी बाबांना दुसऱ्यांदा घराबाहेर काढायचं का?  "बघते," ती म्हणाली. "बोलते मी त्याच्याशी."

आईने सुटकेचा श्वास सोडला. आणि तो सोडून झाल्यावरही श्वास ऐकू येत राहिला.

तो छतातून येत होता. फुस्स, मग थांबणं, मग खालच्या पट्टीत घुर्र, मग पुन्हा फुस्स. आईने मान वर केली. "हे काय वाजतंय?"

"मास्तरांचं यंत्र. प्राणवायूचं."

"कधीपासून?"

"मागच्या थंडीपासून. मी सांगितलं होतं तुला."

"सांगितलं होतंस," आई म्हणाली. "पण ऐकू कुठे आलं होतं?"

दोघी ऐकत राहिल्या. इतके महिने ते या स्वयंपाकघराच्या डोक्यावर चालू होतं, आणि इतके महिने फ्रिजच्या घरघरीने ते झाकून टाकलं होतं. आईला मास्तरांची तब्येत ठाऊक होती, विचारपूस करत होती, कधीमधी दूध पाठवत होती. पण ठाऊक असणं वेगळं आणि छतातून दुसऱ्याचा श्वास असा मोजून ऐकणं वेगळं. थोड्या वेळाने आई उठली, पायांत सपाता सरकवल्या आणि म्हणाली, "चल."

मास्तर खिडकीशी खुर्चीत बसले होते. नाकाशी नळी, पायाशी पेटीएवढं यंत्र. पूर्वी जिना दणाणवत उतरणारा माणूस आता खुर्चीच्या एका कोपऱ्यात मावत होता. आईला बघून त्यांनी उठायचा प्रयत्न केला, आईने हातानेच बसवलं.

"वहिनी, फ्रिज बंद पडला की काय तुमचा?" दोन शब्दांमागे एक श्वास घेत ते म्हणाले. "फरशीतून... कळतो मला. पायाला. तो चालू असला की वाटतं, खाली माणसं जागी आहेत."

आई यंत्राजवळ वाकली. मग तिने विचारलं, "लाइट गेले तर हे चालतं का हो?"

"चालतं की. पोटात अर्ध्या तासाचा दम आहे त्याच्या." मास्तर हसले. "माझ्यापेक्षा जास्त. मग सिलिंडर आहे. मुलगा उघडतो, घरी असला तर."

"आणि नसला तर?"

"नसला तर... येईपर्यंत प्रमेयं म्हणतो." त्यांनी लेकीकडे पाहून डोळा मिचकावला. मग आईकडे वळून गंभीर झाले. "हे बघा, मी ऐकलंय त्या योजनेचं. माझ्यासाठी मन मारू नका. तो फ्रिज... त्यांचा आहे, मला कळतं. आमचं काय, पिकलं पान."

"काहीतरीच बोलू नका," आई म्हणाली. एवढंच म्हणाली. त्यांच्या गुडघ्यावरचं पांघरूण तिने उगाच सारखं केलं आणि ती निघाली. जिन्यात ती कठड्याला धरून एका पायरीवर थांबली. ही तीच पायरी होती जिच्यावर कंदील ठेवला होता.

स्वयंपाकघरात आल्यावर लेकीने प्लग उचलला. आता लावायला हरकत नव्हती, दम खाऊन झाला होता. आई म्हणाली, "राहू दे."

"आई, आजचा दिवस तरी असू दे. उद्या तर..."

"राहू दे म्हणते ना." आई फ्रिजजवळ गेली. "त्या दिवशी मी ह्यांना हेच म्हणाले होते. एक दिवस, कोणाला कळणार आहे. किती दिवस अबोला धरला मी त्यापायी. आणि आज तुला तेच सांगितलं बघ, वेगळ्या शब्दांत. तू हो म्हणालीस."

"हो."

"ते म्हणाले नसते."

"माहीत आहे मला," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं, या वयात, हातात मीटर धरून. आईने तिला जवळ घेतलं नाही. आईने फ्रिजचं दार उघडलं. आत दिवा लागला नाही. तिने एकेक बाटली काढली आणि ओट्यावर ओळीने ठेवली, दुधाचं पातेलं काढलं, वास घेऊन पाहिला. "तापवून ठेवते," ती म्हणाली. वरून फुस्स, घुर्र, चालूच होतं.

न्यायला माणसं आली तेव्हा फ्रिज दारातून निघेना. आत आला होता तो दारं बदलण्याआधी, शेवटी चौकटीची पट्टी काढावी लागली आणि जाता जाता त्याने भिंतीचा पोपडा काढलाच. मीटरबाईला वाटलं होतं भोक पाडताना आई आत जाईल. आई अंगणात उभी राहिली. गॅस नळीतून काढून झाला, मग ड्रिल लावलं. कॉम्प्रेसरचा तो काळा गोळा बराच वेळ दाद देईना, कामगार घामाघूम झाला, ड्रिलचं पातं एकदा घसरलं. "चिवट आहे हां आजी," तो म्हणाला. "होताच," आई म्हणाली. शेवटी आत शिरलं तेव्हा आवाज असा काही आला नाही, थोडं तेल ओघळलं, तेवढंच. स्वयंपाकघरात मागच्या भिंतीवर फ्रिजच्या आकाराचा स्वच्छ चौकोन उरला. नवा फ्रिज त्याच्या निम्माच, चौकोन कडेने दिसत राहिला आणि आईने तो रंगवू दिला नाही.

बॅटरी बसायला मधे बराच काळ गेला. त्या दिवसांत मीटरबाई दर रविवारी आईकडे यायची आणि तिला तिथेही झोप लागत नसे. आई आता मास्तरांचा आवाज ओळखायला शिकली होती. जेवताना मधेच घास थांबवून म्हणायची, "आज जरा सुरळीत चाललंय नाही?" पण कधी कधी, भांडी विसळताना, तिचा हात थांबायचा, ती मान किंचित तिरपी करून त्या मुक्या फ्रिजच्या दिशेला बघायची, आणि मग पाण्याची धार मोठी करायची. लेकीने ते पाहिलं की नजर वळवायची. आपण बरोबर केलं हे दोघींना ठाऊक होतं. बरोबर केल्याने घर भरत नाही, हेही आता ठाऊक झालं होतं.

बॅटरीची चाचणी सकाळी होती. तंत्रज्ञ तरतरीत होता, बोलका होता. मुख्य पुरवठा तोडून बघायचा, बॅटरी इमारत उचलते की नाही ते तपासायचं. तो तळघरात गेला. मायलेकी स्वयंपाकघरात बसल्या, दिवा लावून, भर उजेडात, त्याच्याकडे बघत. खालून ओरडून सांगितल्याचं ऐकू आलं. आणि दिवा गेला. पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ गेला, फार तर दोन पापण्या. खालून फरशीला एक बारीक धक्का बसला, ओट्यावरची बरणी किणकिणली आणि दिवा परत लागला. वरून फुस्स, घुर्र, काही झालंच नाही असं.

आई खुर्चीत ताठ झाली होती. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं, जे लेकीने फार वर्षांपूर्वी मेणबत्तीच्या उजेडात पाहिलं होतं.

तंत्रज्ञ हात पुसत वर आला. "झकास. उचलली. मधे जरासा झोका बसला ना, तोही जाईल. एक छोटा खोका येतो, घरापुरता. तो लावला की एवढंही जाणवत नाही. या खेपेला थोडेच आलेत, पण मॅडमच्या आईचं घर म्हटल्यावर पहिला तुमच्याकडेच लावतो."

मीटरबाईने तोंड उघडलं, पण आई आधी बोलली.

"पहिला वर लाव, मास्तरांकडे. मग दुसऱ्यांकडे. ज्यांना हवा त्यांच्याकडे."

"आणि तुमच्याकडे, आजी?"

"आमच्याकडे नको. आम्हाला सवय आहे."

तो हसला, मान हलवली, पिशवी उचलून दाराशी गेला. आईने त्याला मागून हाक मारली. तिचा आवाज जरा अडखळला, लहान मुलाने खाऊ दुसऱ्यांदा मागावा तसा.

"अरे बाळा, चाचणी नीट झाली ना नक्की? नाही, म्हणजे, पुन्हा एकदा घालवून बघतोस का?"

त्याने मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी मान डोलावली. तो जिना उतरून तळघरात गेला, त्याच्या बुटांचा आवाज खाली खाली गेला. आईने लेकीचा हात धरला आणि दोघी दिव्याकडे बघत बसून राहिल्या.